टप्पा पडलेली फेक

प्रिय अ‍ॅन्सेल,

पाकिटावरचं अक्षर बघून तू ओळखलं असशीलच. तीन वर्षं माझ्या वह्या उतरवून घेतल्यास, त्यामुळे हे कोंबडीचे पाय तुझ्याखेरीज कुणाला लागत नाहीत. फोन का नाही केलास, म्हणशील. दोनदा केला होता, मार्चमध्ये. एकदा तुमच्या बेटावर रेंज नव्हती. दुसऱ्यांदा तू उचललास, पण बोटीचं इंजिन एवढं धडधडत होतं की मी कसंबसं "कसा आहेस?" विचारलं आणि तू म्हणालास, "ओला." दोघंही हसलो आणि फोन ठेवून दिला. खरं सांगू, ठेवल्यावर मला हायसं वाटलं होतं. म्हणून आता कागद घेऊन बसलोय.

बसलोय आजीच्या, आमच्या मेमेरच्या, स्वयंपाकघरात. काल पदवी मिळाली. झगा खुर्चीच्या पाठीवर टाकलाय आणि आजीबाई जाता-येता त्याच्यावरचं पीठ झटकतायत. पीठ त्यांच्याच हाताचं आहे. तव्यावर प्लॉय, तिच्या त्या कुट्टूच्या पोळ्या, पडतायत. गेल्या वर्षी ईस्टरला तू आलास तेव्हा चौदा खाल्ल्या होत्यास; तो आकडा तिने गावभर सांगून सांगून एकोणिसावर नेलाय. सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न हाच, की तुझा तो लांबडा का नाही आला पदवीला. मी म्हटलं, मे महिना आहे, शेवंडांचे सापळे पाण्यात टाकायचे दिवस, त्याला कुठली सवड. ती म्हणाली, "त्याची सवड मी विचारत नाहीये. तू बोलावलं होतंस का?" मी सिरपची बाटली शोधायला उठलो. बोलावलं नव्हतं, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

बातम्या आधी सांगतो, चांगल्या आहेत. ऑगस्टपासून मी इथल्याच शाळेत गणित शिकवणार आहे. मुलाखतीत मुख्याध्यापिकांनी गणिताबद्दल दोन प्रश्न विचारले आणि बेसबॉलबद्दल नऊ. संध्याकाळी मुलांचा संघही माझ्याच गळ्यात पडणार, असं दिसतंय. मला आनंद आहे. मागच्या वर्षी कुणी सांगितलं असतं की तुझं खेळणं इथेच, या बटाट्याच्या शेतांमध्ये येऊन थांबणार आहे आणि तुला ते आवडणार आहे, तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

आता हंगामाचं. निकाल तुला कळले असतील, पण निकालात काय असतं. फेब्रुवारीत नेहमीप्रमाणे जिममध्ये सराव. लाकडी फरशीवर चेंडू शहाण्या मुलासारखा येतो, जिथे यायला हवा तिथेच. मी इतका सुरेख खेळत होतो की कोच हॅस्केल एकदा माझ्याकडे बघून "बरं" म्हणाले. त्यांच्या तोंडच्या "बरं"चा भाव तुला ठाऊक आहे. मग मार्चमध्ये फ्लोरिडाला गेलो, खरी माती, खरं ऊन, आणि सात सामन्यांत माझ्या सहा चुका झाल्या. सहा, अ‍ॅन्सेल. त्यातल्या पाच फेकीच्या.

आपलं दोघांचं काम म्हटलं तर किती साधं होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या माझ्या जागेवर, शॉर्टस्टॉपला, मी चेंडू अडवायचा आणि मैदान ओलांडून पहिल्या बेसवर तुझ्याकडे फेकायचा. मारणारा धावत तिथे पोचायच्या आत चेंडू तुझ्या ग्लोव्हमध्ये गेला की तो बाद. तीन वर्षांत हे किती हजार वेळा केलं असेल, देव जाणे. आता तुझ्या जागी टकर आहे. दुसऱ्या वर्षाचा, भला पोरगा, बॅट फिरवतो तेव्हा वाऱ्यानेच गार वाटतं. पण पहिल्या बेसवर उभा राहतो टपालपेटीसारखा. पत्र नेमकं तोंडात टाकलं तर घेतो, नाहीतर नाही. माझी फेक त्याच्या पायाशी टप्पा खायची आणि मागच्या कुंपणाकडे पळत सुटायची. फलकावर धावा आणि फटके यांच्या शेजारी चुकांचा रकाना ज्या माणसाने काढला, त्याला मला एकदा भेटायचंय. माणसाची चूक दिवे लावून गावाला दाखवायची, ही कल्पना त्याला सुचली तरी कशी?

परत आलो तर मैदानावर बर्फ. फावडी घेऊन सगळ्यांनी उपसला. तू असताना तो भाग तुझ्याकडेच असायचा आणि आम्ही बघत असायचो, त्यामुळे यंदा दोन दिवस जास्त लागले. मग चिखल, मग थंडी आणि पाच सामन्यांत आणखी पाच चुका. तेराव्या सामन्याच्या दिवशी कोचनी यादी लावली. शॉर्टस्टॉपपुढे नाव होतं विल्मर तावेरास. माझं नाव खाली, राखीवांत. कोच मला काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर मी वाद तरी घातला असता.

विल्मर पहिल्या वर्षाचा, लॉरेन्सचा, गिरण्यांच्या गावचा. आईवडील डोमिनिकन. हिवाळाभर दोन स्वेटर, त्यावर जाकीट, आणि तरी ओठ निळे. तोंड मात्र थंडीने कधी बंद झालं नाही. पहिल्या दिवशी मला "दादा, तुम्ही कितव्या वर्षाला?" असं विचारून त्याने मला एकदम म्हातारा करून टाकलं. आणि खेळतो काय म्हणून सांगू. पाय असे हलतात की जमीन त्याच्या खालून आपणहून सरकतेय असं वाटावं. मी बाकावर बसून त्याच्या एका तरी चुकीची वाट बघत होतो, हे कबूल करतो. चार सामन्यांत एक झाली, तीसुद्धा चेंडू दगडाला लागून उडाला म्हणून. मला त्या दगडाचा राग आला, कारण त्या पोराला निमित्त मिळालं.

पहिला आठवडा मी बाकावर असा बसलो जसा कुणी दातांच्या डॉक्टरकडे बसतो. भेटेल त्याला कारणं सांगत होतो. मैदानावर नीट रोलर फिरवलेला नाही, थंडीने बोटं चालत नाहीत, आणि सगळ्यात मोठं म्हणजे टकरला झेलता येत नाही. एका दुपारी हे सगळं हॅडलीला ऐकवलं. ती अजूनही संघाची नोंदवही लिहिते आणि तिची पेन्सिल अजूनही कुणी मागायची नाही. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मग कपाटातून मागच्या वर्षीची वही काढून माझ्यासमोर ठेवली. माझ्या नावाच्या ओळीत ठिकठिकाणी बारीक ठिपके होते. मी विचारलं, हे कसले ठिपके?

"अ‍ॅन्सेलने मातीतून उचललेल्या तुझ्या फेकी," ती म्हणाली. "एकतीस आहेत. कुणी सांगितलं नव्हतं लिहायला. त्याला बघायला मजा यायची, म्हणून लिहीत गेले."

एकतीस. मला वाटायचं माझा हात सोन्याचा आहे. विभागाच्या निवडक संघात नाव आलं तेव्हा मेमेरने ते कात्रण फ्रिजवर चिकटवलं, अजून तिथेच आहे, मी लिहितोय तिथून दिसतंय. माझ्या फेकी टप्पा पडून यायच्या आणि तू तो लांबलचक पाय ताणून, ग्लोव्ह मातीत घालून, जणू काही झालंच नाही अशा थाटात चेंडू वर काढायचास. वर माझ्याकडे बोट दाखवायचास. लोकांना वाटायचं, वा, काय फेकला शॉर्टस्टॉपने. मलाही तसंच वाटायचं. तू एकदाही म्हणाला नाहीस, रेमी, जरा वर फेक रे. का नाही म्हणालास, याचा मी त्या दिवशी वही मिटल्यावर विचार करत बसलो होतो. बहुतेक तुला त्यात काही विशेष वाटतच नव्हतं. तुझ्या हिशेबी ते पहिल्या बेसवरच्या माणसाचं कामच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विल्मरच्या खोलीवर गेलो आणि म्हटलं, माझे पाय बघ. त्याला आधी वाटलं मला लागलंय. मग आम्ही आइस हॉकीच्या इमारतीमागच्या विटांच्या भिंतीपाशी जाऊ लागलो, रोज सकाळी न्याहारीच्या आधी. तो भिंतीवर चेंडू मारायचा, मी उचलून फेकायचो, आणि तो खांद्यांत मान घालून थंडीला शिव्या देत बघत राहायचा. तिसऱ्या दिवशी त्याने निदान केलं. म्हणाला, "दादा, तुम्ही चेंडू हातात यायच्या आधीच फेकायला लागता. पाय अजून तिसऱ्या बेसकडे बघतायत आणि हात निघाला पहिल्या बेसकडे. एवढी घाई कसली? तो मारणारा काय तुमच्या मुलीला पळवून नेतोय?" एवढंच होतं. डावं पाऊल वळवायचं, मग फेकायचं. बावीस वर्षांच्या माणसाला एकोणीस वर्षांच्या पोराने चालायला शिकवलं म्हण. महिना गेला त्यात. काही सकाळी जमायचं, काही सकाळी भिंतसुद्धा मला घाबरायची.

मी त्याला फुकट शिकवायला लावलं नाही हं. या विभागातल्या एकेका मारणाऱ्याचा फटका कुठे जातो हे मला पाठ आहे. तीन वर्षं त्यांच्यापुढे उभा राहिलोय. विल्मर मैदानात उभा असला की मी बाकावरून टोपी सरकवायचो. उजवीकडे सरकवली की त्याने तिसऱ्या बेसकडे दोन पावलं जायचं, डावीकडे की मधे. एकदा मी त्याला असं उभं केलं आणि चेंडू सरळ त्याच्या पोटात आला. त्याने तिथूनच बाकाकडे बघून छातीवर क्रॉस काढला. कोच हॅस्केलनी ते पाहिलं, मग माझी टोपी पाहिली, आणि माझ्या शेजारी येऊन बसले. सूर्यफुलाच्या बियांची पिशवी पुढे केली. त्या दिवसापासून मी बाकावर चांगला बसू लागलो.

आणि टकर. वही पाहिल्यावर त्याच्याबद्दल जे जे बोललो होतो त्याची लाज वाटली. मी त्याला म्हटलं, सरावानंतर रोज पन्नास फेकी तुला टप्पा पाडून देतो, तू उचल. वाईट फेकण्यात माझ्याइतका तरबेज या राज्यात कुणी सापडायचा नाही. तू कसा करायचास ते आठवून आठवून सांगत होतो; गुडघा कसा टेकायचास, ग्लोव्ह आधी खाली आणि मग वर, कधी वरून खाली नाही, डोळे मिटायचे नाहीत. पहिले दहा दिवस त्याच्या नडग्या बघवत नव्हत्या, सगळ्या काळ्यानिळ्या. त्याची आई सामन्याला आली तेव्हा मी तिला टाळत होतो. पण पोरगं हटलं नाही.

एप्रिलच्या शेवटी कोच मला शेवटच्या दोन-तीन डावांत उतरवू लागले. कधी दुसऱ्या बेसवर, कधी माझ्या जुन्या जागी. आठ सामन्यांत सतरा डाव खेळलो, एकच चूक. आधीच्या वर्षी एका आठवड्यात याच्या दुप्पट खेळायचो. पण तुला सांगतो, त्या सतरातला एकेक डाव मला आठवतो, आधीच्या शंभरांतले दहासुद्धा आठवत नाहीत.

मग आमचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आला, मेच्या पहिल्या शनिवारी. काळ्या माश्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. मेमेर चार तास गाडीतून आली होती, मांडीवर घोंगडी आणि डोक्यावर माझी जुनी टोपी. आठव्या डावात कोचनी मला शॉर्टस्टॉपला पाठवलं. आम्ही एका धावेने पुढे. शेवटच्या नवव्यात त्यांचे दोन बाद, तिसरा गेला की सामना आमचा, तिसऱ्या बेसवर एक धावणारा, आणि चेंडू माझ्या उजवीकडे खोल आला. पोचलो. पाऊल वळवलं की नाही, मला खरंच आठवत नाही. बहुधा नाही, कारण हातातून चेंडू सुटला तेव्हाच कळलं, खाली गेला. टकरच्या पुढे हातभर अंतरावर माती उडाली. त्याने गुडघा टेकला, ग्लोव्ह खालून वर आणला, आणि चेंडू आत होता. मारणारा बाद, सामना संपला.

सगळे माझ्याकडे धावले. पाठीवर थापा, डोक्यावर पाणी, विल्मर तर खांद्यावरच चढला. मेमेर टोपी हलवतेय. टकर तिकडे एकटा गुडघ्यावरची माती झटकत होता आणि माझ्याकडे बोट दाखवत होता. अगदी तुझ्यासारखं, ते काही मी त्याला शिकवलं नव्हतं. मी सगळ्यांना बाजूला केलं आणि म्हणालो, "माझी फेक मातीत होती. हा सामना टकरने जिंकलाय." ते हसले, त्यांना वाटलं विनयाने बोलतोय. मी पुन्हा म्हणालो. मग त्यांनी त्याला उचललं.

आणि ते वाक्य तोंडातून निघाल्यावर मला कळलं की हेच वाक्य मी एका वर्षापूर्वी म्हणायचं होतं. अ‍ॅन्सेल, आपण त्याबद्दल कधी बोललो नाही. मी कधी काढलं नाही म्हणून तू काढलं नाहीस. उपांत्य सामना, परकं मैदान, नववा डाव, त्यांचे दोन बाद, दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर धावणारे, आपण एकने पुढे. चेंडू सरळ माझ्याकडे आला होता, शाळेतल्या पोराने उचलावा असा. माझी फेक तुझ्या पायापुढे टप्पा खाऊन वेडीवाकडी उडाली, तुझ्या ग्लोव्हच्या कडेला लागून बाजूला गेली, दोघं धावणारे होम प्लेटवर पोचले, त्यांच्या दोन धावा झाल्या आणि आपला हंगाम संपला. नोंद करणारा दूर वरच्या खोलीत. त्याला दिसलं एवढंच की चेंडू तुझ्या ग्लोव्हला लागून पडला. चूक तुझ्या नावावर दिली. हॅडली त्या दिवशी आजारी होती. आणि मग कपडे बदलायच्या खोलीत कोचनी मला विचारलं, फेक कशी होती. मी म्हणालो, "छातीवर होती."

तू माझ्याकडे बघितलंस. मला ती नजर अजून दिसते. रागाची नव्हती. मग म्हणालास, "हो. सुटला हातून." आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागलास.

बाहेर गाड्यांपाशी तुझे वडील उभे होते. तीन वर्षांत पहिल्यांदाच बोट बांधून ठेवून ते सामना बघायला आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. आपल्यातल्याच कुणाचे तरी वडील मागून म्हणाले, हातात आलेला चेंडू सोडला हो, हातात आलेला. तुझ्या वडिलांनी ऐकलं. ते तुला म्हणाले, "होतं असं कधी कधी," आणि तुझी बॅग घेतली. मी दोन पावलांवर होतो. तेव्हाही गप्प राहिलो. जूनमध्ये तू कळवलंस की बाबांच्या खांद्याचं ऑपरेशन आहे, बोट मलाच सांभाळायचीय, आता कॉलेजला येणार नाही. ते खरंच होतं, मला माहीत आहे. पण तेवढंच होतं का, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. वर्षभर कुणी तुझं नाव काढलं की मी दुसरं काहीतरी बोलायला लागायचो.

सोमवारी मी कोच हॅस्केलच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते खिडकीतून मैदानाकडे बघत राहिले, माळी तिकडे रेषा आखत होता. मग म्हणाले, "मी त्या पोराला उन्हाळाभर एक फोन केला नाही." इतकंच. थोड्या वेळाने म्हणाले, संघालाही सांग, आणि शनिवारी तू खेळणार नाहीस. दोन्ही रास्त होतं. संघाला सांगितलं. दोन दिवस माझ्याशी जेवणाच्या टेबलावर कुणी फारसं बोललं नाही, विल्मरसुद्धा, म्हणजे काय ते समज. तिसऱ्या दिवशी तो ताट घेऊन समोर बसला आणि म्हणाला, "दादा, तुमचे पाय मी सुधारले. हे दुसरं काम तुमचं तुम्ही केलंत, पण फार उशिरा केलंत." मी म्हटलं, हो. मग त्याने माझ्या ताटातली केकची वडी उचलली, त्यावरून ओळखलं की मिटलं. पुढच्या फेरीत आम्ही दोन्ही सामने हरलो. मी बाकावर होतो, टोपी सरकवत. विल्मरने तिथे दोन असे चेंडू अडवले की मला आयुष्यात कधी जमले नसते, आणि मी उठून टाळ्या वाजवल्या तेव्हा मनात काही खुपलं नाही. रात्री झोपही छान लागली.

कोच तुला फोन करणार आहेत. अजून एक वर्ष तुला खेळता येतं, जागा ठेवतो, असं ते म्हणत होते. टकर आताच म्हणतोय की तू आलास तर तो बाहेरच्या मैदानात खुशाल जाईल, तिथे नडग्या शाबूत राहतात. येणं न येणं तुझ्यावर. मी त्यांना एवढीच विनंती केली की फोन शुक्रवारपर्यंत करू नका. त्याचं कारण हे पत्र. मी गुरुवारी सकाळच्या टपालाच्या बोटीने तुमच्याकडे येतोय, आणि तू धक्क्यावर मला अचानक बघून गोष्ट हसण्यावारी न्यावीस, असं मला नको आहे, म्हणून आधी लिहिलं. तुझी माफी मागायचीच आहे, पण मी मुख्यतः तुझ्या वडिलांकडे येतोय. त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचंय की तुमच्या मुलाने त्या दिवशी चेंडू सोडला नव्हता. फेक माझी मातीत होती, मी खोटं बोललो आणि त्याने ते स्वतःच्या अंगावर घेतलं. हे ऐकून त्यांनी मला त्याच बोटीने परत पाठवलं तर जाईन. ठेवून घेतलं तर जूनअखेरपर्यंत मोकळा आहे. सापळ्यांत आमिष भरेन, वासाने ओकारी आली तरी भरेन. तू म्हणशील, जाऊ दे रे, त्यांच्या लक्षातही नसेल. त्यांच्या लक्षात आहे, अ‍ॅन्सेल, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला माणूस असा दिवस विसरत नाही. मी बोलत असताना "सुटला हातून" असं म्हणून मधे पडू नकोस. वर्षभर गप्प राहिलास, आणखी दहा मिनिटं राहा.

तुझाच,
रेमी